शाळा एक किलोमीटरवर आहे. रस्ता कुठे आहे?

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आमच्या गल्लीतले एक गृहस्थ घरी आले. पुण्याच्या पूर्व भागात रिक्षा चालवतात, मला बारा-पंधरा वर्षांपासून ओळखतात. चहा झाल्यावर म्हणाले, "भाई, एक मशवरा हवा होता. मुलीची सातवीची परीक्षा झाली. इथल्या शाळेत पुढचे वर्ग नाहीत. आता तिला घरीच बसवावं म्हणतो. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देईल."

मुलींच्या शिक्षणाविषयी वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाकडे अशा वेळी उत्तरे तयारच असतात. संविधान काय सांगते, लवकर लग्न केल्याने काय होते, शिकलेली आई म्हणजे काय, हे सगळे माझ्या जिभेवर आले. मी बोलायला सुरुवात करणार तोच ते म्हणाले, "तुम्हाला वाटतंय तसं काही नाही. शिकवायचं तर आहेच. पण पुढची शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडं आहे. तो रस्ता मी रोज दहा तास बघतो. मीच त्यावर गाडी चालवतो. तिथून माझी पोरगी रोज दोन वेळा एकटी पार होणार, हे मला झेपत नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हते. परंपरेविरुद्ध, गरिबीविरुद्ध, अज्ञानाविरुद्ध कसे बोलायचे हे आम्ही चळवळीत शिकलो. रस्त्याविरुद्ध काय बोलायचे हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. मी इतकेच म्हणालो, "आधी मला तो रस्ता तिच्याबरोबर चालून बघू द्या."

दोन दिवसांनी, शाळा भरण्याच्या वेळेला, आम्ही दोघे निघालो. अंतर जेमतेम नऊशे मीटर. नकाशात पाहिले तर हाकेच्या अंतरावर. गल्लीतून बाहेर पडल्यावर बेकरीपासून फूटपाथ सुरू होतो. मी सवयीने त्यावर चढलो, मुलगी मात्र रस्त्याच्या कडेनेच चालत राहिली. फूटपाथची कड तिच्या गुडघ्याला लागेल इतकी उंच. वर आधी दुचाकींची रांग, मग एका दुकानाचा वाढवलेला ओटा, मग विजेची डीपी, मग कुठल्या तरी खोदाईचा राडारोडा, मग अर्धवट उघडे चेंबर. नऊशे मीटरमध्ये मला सात वेळा खाली उतरावे लागले आणि सातही वेळा मागून येणाऱ्या गाडीकडे माझी पाठ होती. मी तिला विचारले, "तू वर का चालत नाहीस?" ती हसली. म्हणाली, "चाचा, तो चालायचा थोडाच असतो?"

मोठ्या रस्त्यापाशी आम्ही थांबलो. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पुसून गेलेले, सिग्नल नाही, दुभाजकात जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी फट. मी विचारले, "तू एकटी असलीस तर काय करशील?" तिने विचार केलेला होता. "कुणी काकू नाहीतर आजोबा क्रॉस करायला आले की त्यांच्या मागून जायचं." बारा वर्षांच्या मुलीने आपल्या सुरक्षेची योजना स्वतः आखली होती. ज्यांनी ती आखायची, त्यांच्यापैकी तिथे कोणीच नव्हते, मीसुद्धा नव्हतो.

या अंकाचे संपादकीय मी या नऊशे मीटरवर लिहितो आहे. शाळा उघडायला फार दिवस राहिलेले नाहीत आणि महाराष्ट्रातल्या शहराशहरांत असे नऊशे मीटर पसरलेले आहेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या नियमांनी एक फार चांगली गोष्ट केली. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे, असे ठरवून दिले. केंद्राच्या नियमांत यासाठी चालत जाण्याचे अंतर असाच शब्दप्रयोग आहे. म्हणजे कायद्याने गृहीत धरले आहे की मूल चालत शाळेत जाईल. बापाकडे मोटार असेल, व्हॅनला पैसे असतील, आई स्कूटरवर सोडेल, असे कायद्याने गृहीत धरलेले नाही. त्याच नियमांत असेही म्हटले आहे की दरड, पूर, रस्त्यांचा अभाव किंवा एकूणच घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना धोका असेल, तर तो टाळण्यासाठी शाळेचे अंतर आणखी कमी करावे.

ही तरतूद वाचताना आपल्या डोळ्यांसमोर डोंगर, ओढा आणि होडी येते. दुर्गम पाड्यावरच्या मुलांसाठी ती आहे असे आपण समजतो आणि ती तशी आहेही. पण शहरातला चौपदरी रस्ता हाही एक ओढाच आहे. ओढ्याला निदान उन्हाळ्यात पाणी नसते. या रस्त्याचा पूर बारा महिने ओसरत नाही. शाळेचे अंतर कायद्याने मोजले, पण मधला रस्ता कोणी मोजला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की शाळेपर्यंतचा सुरक्षित रस्ता हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. भिंत, छप्पर, शिक्षक, स्वच्छतागृह यांच्या यादीत तो असायला हवा.

पुण्याला तर हे नव्याने सांगायची गरज पडू नये. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी गाठले ते वाटेत. सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या सोबत जादा लुगडे ठेवत, ही आठवण आपण दरवर्षी ३ जानेवारीला सांगतो. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात जिचा उल्लेख येतो ती फातिमाही याच शहरातली. मुलींचे शिक्षण थांबवायचे तर शाळा जाळावी लागत नाही, शाळेची वाट अवघड केली की पुरते, हे त्या काळातल्या विरोधकांना पक्के ठाऊक होते. आज चिखलफेक करणारा कोणी नाही. आज वाट अवघड होते ती कोणाच्याही वाईट हेतूशिवाय, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध कोणी उभे राहत नाही.

आता मुद्दा भावनेचा नाही, हिशोबाचा आहे, म्हणून थोडा हिशोब मांडतो.

ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. ताशी ३० ने येणारी ८ मीटरच्या थोडी पुढे. मूल अचानक पुढे आलेले पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच पहिली गाडी दुसरीपेक्षा दोन मोटारींच्या नाही तरी एका मोटारीच्या लांबीहून अधिक अंतर कापून गेलेली असते. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. लहान मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालते असे धरले, तर बारा मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्याला बारा सेकंद लागतात. त्या बारा सेकंदांत ५० च्या वेगाने येणारी गाडी १६० मीटरहून जास्त अंतर कापते. म्हणजे मुलाला दीडशे मीटर लांबची गाडी दिसली पाहिजे, तिचा वेग ओळखता आला पाहिजे आणि मग निर्णय घेता आला पाहिजे. सात-आठ वर्षांच्या मुलाला येणाऱ्या वाहनाचा वेग नीट ओळखता येत नाही. ते त्याच्या वयातच नसते, त्यात त्याचा हलगर्जीपणा नाही. शिवाय त्याची उंची इतकी की कडेला उभ्या मोटारीआडून त्याला रस्ता दिसत नाही आणि रस्त्यालाही तो दिसत नाही.

म्हणून "मुलांनो, रस्ता जपून ओलांडा" एवढे सांगून आपले काम संपत नाही. रस्ता असा असावा की मुलाची चूक झाली तरी तिची शिक्षा मरण नसावी. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पायी चालणारे आणि वाहने यांची वारंवार सरमिसळ होते तिथे वेगाची कमाल मर्यादा ताशी ३० किलोमीटर ठेवावी असे म्हटले आहे. आपल्याकडे शाळेजवळ "शाळा आहे, वाहने हळू चालवा" अशी पाटी असते. पाटीने वेग कमी होत नाही. रस्ताच अरुंद केला, वळण घट्ट केले, झेब्रा क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीवर उचलून घेतले, तर चालकाला वेग कमी करावाच लागतो.

हा प्रश्न लहान आहे असे वाटत असेल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल पाहावा. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. दिवसाला सरासरी नव्वद. एखाद्या गावात एका दिवशी नव्वद माणसे मेली तर आपण राष्ट्रीय दुखवटा पाळू. ही माणसे देशभर एकेक करून मरतात, म्हणून ती आतल्या पानावरची दोन ओळींची बातमी होतात.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: "हे युरोपात शक्य आहे, आपल्याकडे नाही." युरोपातही हे आभाळातून पडले नाही. आज सायकलींचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यात चारशेहून अधिक लहान मुले होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, त्यांच्यासाठी रस्ते रुंद झाले, सायकली कमी होत गेल्या. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अपघातात गेली. त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यातून पालकांची एक चळवळ उभी राहिली. तिचे नावच "बालहत्या थांबवा" असे होते. पालक आणि मुले रस्त्यावर उतरली, लोकांनी गल्ल्या अडवल्या, खासदारांच्या दारी गेले. त्या देशाचे आजचे सायकल मार्ग ही त्या पालकांची कमाई आहे. त्यांनी आपल्या मुलांच्या मरणाला "अपघात" म्हणायला नकार दिला, तिथून बदल सुरू झाला.

आणि उदाहरण देशातलेच हवे असेल तर बिहारचे घ्यावे. २००६ साली तिथल्या सरकारने नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुले-मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना आढळले. सर्वाधिक फरक पडला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. म्हणजे मुली घरी बसत होत्या त्यामागे केवळ "मुलीला कशाला शिकवायचे" ही मानसिकता नव्हती. अंतर हेही कारण होते. आणि एकाच वेळी अनेक मुलींना सायकली मिळाल्याने त्या घोळक्याने जाऊ लागल्या. एकटी मुलगी सायकलवर निघाली तर चार लोक बोलतात. वीस मुली निघाल्या की बोलणारे गप्प होतात.

आपल्या समाजाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवले होते की मुस्लिमबहुल वस्त्यांत प्राथमिकच्या पुढच्या शाळा कमी आहेत आणि मुलींच्या शाळा बहुधा लांब असतात. म्हणजे आपल्या मुलींची गळती ज्या वळणावर होते, त्या वळणावर एक प्रत्यक्ष रस्ता आहे. वस्तीतली शाळा संपते आणि मोठा रस्ता सुरू होतो. शेजारच्या दलित वस्तीत, भटक्यांच्या पालावर, कामगारांच्या झोपडपट्टीतही हेच चित्र आहे. रस्ता जात-धर्म विचारत नाही, तो फक्त इतकेच पाहतो की तुम्ही पायी आहात की गाडीत.

इथे स्वतःलाही काही प्रश्न विचारायला हवेत. मुलीने काय घालून शाळेत जावे यावर आपण, समर्थक आणि विरोधक दोघांनीही, जितके बोललो आणि लिहिले, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही ती कोणत्या रस्त्याने जाते यावर बोललो नाही. वाटेत छेडछाड होते, दिवे नाहीत, गाड्या अंगावर येतात, तर उपाय काय? मुलीला घरी बसवा. दोष रस्त्याचा आणि शिक्षा मुलीला, हा न्याय आपण इतका मुकाट्याने मान्य केला आहे की तो अन्याय वाटतच नाही.

आणि रस्ता तसा झाला कोणामुळे? फक्त सरकारमुळे नाही. फूटपाथवरची दुचाकींची रांग आपलीच आहे. दुकानाचा ओटा दोन फूट पुढे आपणच घेतला. लग्नाचा मांडव असो की उत्सवाचा, रस्ता अडवायला कोणताही समाज मागे नाही. चौदा वर्षांचा मुलगा मोटारसायकलवर दोन मित्रांना घेऊन शाळेसमोरून सुसाट जातो, त्याला चावी घरातूनच मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला गाडी आणि मुलीला घर, अशी ही वाटणी आहे. मुलाच्या गाडीमुळे रस्ता धोक्याचा होतो आणि त्या धोक्याचे कारण सांगून मुलीचे शिक्षण थांबते.

फूटपाथ मोकळा करण्याची गोष्ट निघाली की सगळ्यात आधी हातगाडीवाला उचलला जातो, हेही सांगायला हवे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला संरक्षण आणि ठरवून दिलेली जागा दिली आहे. त्याच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त जागा उभ्या मोटारी अडवतात, पण मोटारीला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. संध्याकाळी क्लासहून परतणाऱ्या मुलीला विचारून पाहा. भाजीवाली मावशी जिथे बसते तो कोपरा तिला सुरक्षित वाटतो. बंद मोटारींची काळोखी रांग तिला भीतीदायक वाटते. चालण्याची जागा मोकळी हवीच, पण ती गरिबाच्या पोटावर पाय देऊन नको.

धोरणांची तर आपल्याकडे वाण नाही. "वाहने नव्हे, माणसे पोहोचवा" हा विचार २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आणि डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याला हे शोभणारेच होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी जाऊ शकतील; आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अतिक्रमणमुक्त फूटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, येतो.

काम होऊ शकते हेही आपण पाहिले आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ, बाक आणि झाडे आली, तेव्हा लोक तिथे नुसते चालायला म्हणून जाऊ लागले. मुंबईत भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर शाळेभोवती रंग, खांब आणि आखलेल्या पट्ट्या वापरून मुलांसाठी चालण्याची, थांबण्याची आणि रस्ता ओलांडण्याची जागा करून पाहिली गेली. पण दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता काही तास वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा करायचा आणि उरलेले ३६४ दिवस पादचाऱ्याने जीव मुठीत धरायचा, यात समाधान मानता येत नाही. चांगला फूटपाथ आधी शाळेच्या दारात यायला हवा, आणि तोही ज्या वस्तीतली मुले पायी जातात तिथे.

हे कसे घडवायचे? मला चार साध्या गोष्टी सुचतात. त्यासाठी मोर्चाची वाट पाहायला नको.

पहिली गोष्ट, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. कलम २२ नुसार ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते. त्या आराखड्यात आपण वर्गखोली, पंखे, पाण्याची टाकी लिहितो. यंदा त्यात शाळेच्या दारापासून पाचशे मीटरपर्यंतचा रस्ता लिहा. कुठे फूटपाथ तुटला आहे, कुठे दिवा नाही, कुठे क्रॉसिंग हवे, ते नकाशावर दाखवा. समितीच्या ठरावासह गेलेला अर्ज आणि एकट्या पालकाची तक्रार यांच्या वजनात फरक असतो.

दुसरी, हा नकाशा मुलांकडून काढून घ्या. त्यांना एक कागद द्या आणि म्हणा, "घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढ, जिथे भीती वाटते तिथे लाल खूण कर." मोठ्यांच्या पाहणीत खड्डे येतील. मुलांच्या नकाशात भटकी कुत्री येतील, गुत्त्यासमोरचा कोपरा येईल, पावसात तुंबणारे पाणी येईल, शेरेबाजी करणाऱ्या टोळक्याचा कट्टा येईल. मुलींचे आणि मुलांचे नकाशे शेजारी ठेवून पाहा, एकाच रस्त्याचे दोन रस्ते झालेले दिसतील.

तिसरी, महापालिकेच्या पैशाचा माग काढा. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामे सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देता येतो. उंचावलेले क्रॉसिंग, फूटपाथची दुरुस्ती, शाळेसमोरचे दिवे ही कामे उड्डाणपुलाच्या तुलनेत किरकोळ खर्चाची आहेत. काम मंजूर झाले की नाही, हे विचारायला माहितीचा अधिकार आहेच.

चौथी गोष्ट उद्यापासून करता येईल. गल्लीतल्या आठ-दहा मुलांनी एका वेळी, एका वाटेने निघायचे आणि दोन मोठ्या माणसांनी आळीपाळीने सोबत जायचे. काही देशांत याला चालती बस म्हणतात. आपल्या आया-बाया पाण्याला आणि सरपणाला पिढ्यानपिढ्या अशाच जात आल्या. दहा मुलांच्या रांगेपुढे गाडीवाला थांबतो. एकट्या मुलीपुढे तो हॉर्न वाजवतो. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास शाळेसमोरची गल्ली वाहनांना बंद ठेवण्याची मागणीही यातूनच पुढे करता येईल. मात्र चालती बस ही सोय आहे, हक्क नव्हे. ती सुरू झाली म्हणून रस्ता सुधारण्याची मागणी सोडायची नाही.

राहता राहिला त्या रिक्षावाल्या गृहस्थांचा प्रश्न. त्यांना मी "काही होत नाही, पाठवा तिला" असे म्हणू शकलो नाही, कारण काही होणार नाही असे म्हणण्याजोगा तो रस्ता नाही. मी त्यांना म्हणालो, "प्रवेश घ्या. दाखला काढा. जून महिनाभर सकाळी मी त्या क्रॉसिंगवर उभा राहतो." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि जुलैमध्ये?"

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. एका म्हाताऱ्याच्या उभे राहण्यावर एका मुलीचे शिक्षण टिकत नसते. प्रवेश झाला आहे. गल्लीतल्या आणखी पाच मुली त्याच शाळेत जाणार असल्याचे आम्हाला शोधल्यावर कळले. त्यांच्या आयांची एक बैठक आमच्या घरी झाली आणि सकाळच्या पाळ्या ठरल्या. क्रॉसिंगसाठीचा अर्ज सहा पालकांच्या सह्यांनी दिला आहे. त्याची पोच माझ्या टेबलावर आहे, उत्तर अजून नाही. पण जुलैचे उत्तर त्या कागदातूनच यायला हवे.

शाळा उघडण्याआधी एक सकाळ काढा आणि आपल्या किंवा शेजारच्या मुलाचा हात धरून त्याच्या शाळेपर्यंत चालत जा, अशी वाचकांना माझी विनंती आहे. गाडी घरी ठेवा. कितीदा खाली उतरावे लागले ते मोजा, क्रॉसिंगवर किती वेळ थांबावे लागले ते घड्याळात पाहा, आणि ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात आम्ही ते एकत्र छापू आणि संबंधित महापालिकांकडे पाठवू. शाळेच्या अंतराचा कायदा होऊन पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला. आता रस्ता मोजायला घेऊ या.